टाकीमागचा काळा गरुड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं माझंच हसू मला आवरणार नाही!

स्टील प्लांटातून रिटायर झालो आणि भिलाईतल्या पक्षिप्रेमींच्या ग्रुपात शिरलो. काम सोपं. आपल्या सेक्टरात दिसेल तो पक्षी, खार, सरडा मोबाइलवर टिपायचा आणि ॲपवर टाकायचा. पुढं अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. लोक काय काय टाकायचे! माझ्या नावावर मात्र नुसती कबुतरं. ग्रुपच्या वर्मा मॅडम प्रेमानं म्हणायच्या, "काका, कबूतर भी ज़रूरी है." ते जास्तच लागायचं हो!

तर एका रविवारी सकाळी समोरच्या बगिच्यातून सहज आमच्या ब्लॉकच्या गच्चीकडे पाहिलं. पाण्याच्या टाकीमागं हा एवढा काळा पक्षी! मान वर, पंख मिटलेले. फोटो काढला, 'काळा गरुड' लिहिलं आणि टाकून मोकळा झालो.

ग्रुपात धुमाकूळ! "काका, कमाल कर दिया! शाम को सब आ रहे हैं."

घरी आलो तर बायको गच्चीवर निघालेली.

"थांब! वर जाऊ नको. गरुड बसला हाय."

"अजी, माह्या कुरडया वाळून राहिल्या ना वर!"

"वाळू दे. तो उडाला तं माही इज्जत जाईन!"

"अवो पण, कावळ्यायसाठी म्या तिथं..."

"कावळे गेले खड्ड्यात! तुले गरुडातलं काय समजते?"

ती पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. आमच्याकडे हिनं पदर खोचला की आपण घाबरायचं असतं. मी चहा मागितला.

संध्याकाळी सगळे बगिच्यात आले, लांबलचक कॅमेरे घेऊन. मी सगळ्यांच्या पुढं, छाती फुगवून.

"काका, ये सुबह से हिला नहीं?" मॅडमनी विचारलं.

"शिकारी पक्षी है मॅडम, सबर रखता है!"

तेवढ्यात गरम वाऱ्याचा झोत आला. पक्षी थरथरला. "उड़ेगा, उड़ेगा!" सगळे कॅमेरे वर. आणि फाडकन त्यानं पंख उघडले.

गोल!

छत्री होती हो, छत्री! मोडली म्हणून मीच टाकून दिलेली. बायकोनं ती कुरडयांवर कावळे येऊ नयेत म्हणून बांबूला बांधली होती. आणि ड्यूटीवर छत्र्यांची अदलाबदल व्हायची, म्हणून प्लांटातल्या पांढऱ्या पेंटनं मी तिच्यावर माझं हे मोठ्ठं नाव लिहून ठेवलेलं.

वर्मा मॅडमनी कॅमेऱ्यातूनच सावकाश वाचलं, "बाबाराव... ढोमणे."

जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो. पण वर आमच्या खिडकीतून बायकोनं हाक मारली, "अजी, सगळ्यायले घेऊन या, कुरडया तळून राहिली!" मंडळींनी हसत हसत परात रिकामी केली. मीही खाल्ल्या. झकास झाल्या होत्या, खोटं कशाला बोलू?

रात्री ॲप उघडलं. ग्रुपातल्या कोणीतरी माझी नोंद दुरुस्त केली होती. निरीक्षक: बाबाराव ढोमणे. प्राणी: बाबाराव ढोमणे.

आणि खाली बारीक अक्षरात: पाळीव.