इस्त्री घेऊन प्रिंटर घ्यायला

काकूंबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी रफूवाला माणूस, कागदापेक्षा कापडाची सवय जास्त. कुठे टाका सैल पडला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

काकूंचं लॉन्ड्रीचं दुकान पायमोज्यासारखं आहे, लांबट आणि अरुंद. तोंडाशी काउंटर, मध्ये पडदा आणि टाचेपाशी इस्त्रीचं मोठं टेबल. पडद्याला लागून माझं शिलाई मशीन. वयाने मी मोठा आहे, पण सगळे काकू म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्या मला मास्तर म्हणतात.

काउंटरवरची घंटी वाजली की काकू इस्त्री उभी करून पुढे येत. कपडे घेत, चिठ्ठी लिहीत, गिऱ्हाइकाची दोन शब्दांत फिरकी घेत आणि बोचकं उचलून मागे जात. इस्त्री हातात घेतात न घेतात तोच पुन्हा घंटी. नवरा गेल्यापासून हे असंच चाललं होतं. शेवटी गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं, "एक तर पुढे बसा, नाहीतर मागे उभ्या राहा. ही येरझार बंद." इस्त्री दुसऱ्याच्या हाती देणं काकूंच्या जिवावर येत होतं, आणि काउंटरही सुटत नव्हतं.

सून मात्र त्या काउंटरवर डोळा ठेवून होती. लग्नाआधी ती मोबाईलच्या दुकानात कामाला होती, माणसांशी बोलण्यात पटाईत. इथे तिच्या वाट्याला आलं होतं हँगर पुसणं. एका दुपारी ती म्हणाली, "आई, कपडे मी घेते. फोनवर लिहिते. गिऱ्हाइकाला पावती त्याच्या फोनवर जाईल आणि तीच तुमच्या टेबलावर छापून येईल. वायरसुद्धा नको. तुम्ही जागचं हलू नका."

"आणि एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगात गेला म्हणजे?"

"नाही जाणार."

"शनिवारपर्यंत बघते. एक कपडा जरी चुकला, तरी काउंटर माझं आणि हँगर तुझे. पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल," सून म्हणाली. आवाज खणखणीत होता, पण हातातला हँगर तिने तीनदा पुसला.

काकूंनी मला तिच्यासोबत प्रिंटरच्या दुकानात पाठवलं. "मास्तर, लक्ष ठेवा. दुकानदार सांगेल त्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावू नका." मी मान डोलावली.

विक्रेत्याने आपल्या काउंटरवर साबणाच्या वडीएवढा एक गुळगुळीत प्रिंटर ठेवला. "ताई, शाई नको, रिबन नको, आवाज नाही. मांजर चालल्यासारखा छापतो." सुनेने पक्की चौकशी केली. कागदाची गुंडाळी कुठेही मिळते का, बॅटरी दिवसभर पुरते का, भिंत मध्ये आली तर चालेल का. एवढ्यावर न थांबता फोन घेऊन ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिथून पावती सोडली. इकडे माझ्या पुढ्यात कागद सरसरत आला: "मास्तर, मान डोलावू नका."

कोपऱ्यात एक बोजड, राखाडी प्रिंटर होता. तो कसला म्हणून मी विचारलं. विक्रेता म्हणाला, "तो हॉटेलच्या स्वयंपाकघरात लावतात, आजोबा. कर्कश आहे. तुम्हाला काय करायचाय?" मला काही करायचा नव्हता. आम्ही साबणाची वडी घेऊन आलो.

आठवडा झकास गेला. एकच तक्रार होती. प्रिंटर इतका मुका, की वाफेच्या फुसफुशीत चिठ्ठी आल्याचं काकूंना कळायचंच नाही. सुनेला पडद्यापलीकडून ओरडावं लागे, "आई, चिठ्ठी!"

"वायर नाही म्हणे," काकू माझ्याकडे बघून म्हणत. "सगळी वायर पोरीच्या घशात आहे." पण गुडघा चोळणं बंद झालं होतं, हे मी पाहत होतो.

शनिवारी एका गायकवृंदाचे कपडे आले. संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता. बायका-पुरुष सगळ्यांचे पांढरे शर्ट, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. आठवडाभर काम हँगरवरचं होतं, त्यामुळे चिठ्ठ्या हँगरला लटकत होत्या. हे शर्ट मात्र घडीचे. काकूंची जुनी पद्धत अशी, की घडीवर चिठ्ठी पालथी ठेवायची, कुणाचं नाव दुसऱ्याने वाचू नये म्हणून, आणि वरून इस्त्रीचा शेवटचा हात फिरवायचा. चिठ्ठी कशी चापून बसते.

गायक मंडळी दारात आली. सुनेने पहिली घडी उचलली, चिठ्ठी उलटली. काळीकुट्ट. दुसरी उलटली, तीही तशीच. एकीवरही नाव नव्हतं. पोरीचा चेहरा चिठ्ठ्यांच्या उलट, पांढराफटक.

तेवढ्यात त्यांच्यातला सगळ्यात जाडा गवई पुढे आला. "काय झालं, वहिनी? शर्ट हरवले?"

"शर्ट आहेत," ती कशीबशी म्हणाली. "माणसं हरवलीत."

"मग शोधू की!" म्हणत त्याने अंगातल्या टी-शर्टवरूनच एक शर्ट चढवला. तो कोपरापाशीच अडला. बारकी गाणारी बाई दुसऱ्या शर्टात शिरली आणि दिसेनाशी झाली. मग काय विचारता! दुकानात शर्टांची अदलाबदल सुरू झाली, कुणीतरी त्यावरच तान घेतली, बाकीच्यांनी सूर धरला. माझ्या मशीनवर गळ्याचं माप बघायला रांग लागली. शेवटी प्रत्येकाच्या अंगात ज्याचा त्याचा शर्ट होता आणि मंडळी गातच बाहेर पडली.

सून मात्र पडद्याआड भिंतीकडे तोंड करून उभी होती. "आई, मशीन परत करून येते. काउंटर तुमचं."

काकूंनी उरलेली एक कोरी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि इस्त्री फिरवली. कागद डोळ्यांदेखत काळा पडला. त्या बघतच राहिल्या. गप्प बसल्या असत्या तर काउंटर त्यांचंच होतं. पोरीला काही दिसलंच नव्हतं. पण काकू इतक्या जोरात हसल्या की मी सुई टोचून घेतली.

"अगं, इकडे ये! मशीन कशाला परत करतेस? मीच भाजल्या चिठ्ठ्या! मास्तर, बघा हो, पापडासारख्या भाजल्या."

"म्हणजे?" सून वळली.

"म्हणजे कपडा एकही चुकला नाही, चुकली ती इस्त्री. आणि तू ही वस्तू इस्त्रीला न दाखवता घेतलीस! सोमवारी मी येते."

सोमवारी काकू गुडघ्याला पट्टा बांधून आमच्यासोबत प्रिंटरच्या दुकानात आल्या. पिशवीत घरची इस्त्री. विक्रेत्याला म्हणाल्या, "दादा, प्लग कुठे आहे?"

"कशाला, काकू?"

"प्रिंटर निवडायचाय."

त्याने घाबरून प्लग दाखवला. मग काकूंनी एकेका प्रिंटरची चिठ्ठी मागवली आणि एकेकीवर इस्त्री फिरवली. गुळगुळीत प्रिंटर होते तेवढ्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या काळ्या पडल्या. विक्रेता घाम पुसत म्हणाला, "अहो, हा कागदच उष्णतेवर चालतो." सून लगेच म्हणाली, "मग स्वयंपाकघरात काय लावतात? तिथेही आगच असते ना?" आणि बोट कोपऱ्याकडे दाखवलं.

तो बोजड बुवा करकर करत, दात खात छापू लागला. साधा कागद आणि रिबनची शाई, त्यामुळे चिठ्ठीला इस्त्रीने काहीही झालं नाही. शिवाय त्याची रिबन दुरंगी, तातडीचं काम लाल अक्षरांत. वायर यालाही नको.

"आवाज फार आहे, काकू," विक्रेता म्हणाला.

"असू दे. हाक तरी मारतो. पोरीचा घसा वाचेल." वडी परत गेली, वरचे पैसे भरले आणि बुवा आमच्या दुकानात आला.

दुपारी काकू मागच्या टेबलावरून ओरडल्या, "अगं, एक काम लिही. गादी एक, बसायची, जाड. तातडीचं."

"नाव काय लिहू?"

"काउंटरवाली बाई. बुटकी आहे, तिला गिऱ्हाईक दिसत नाही."

मग करकर करत लाल चिठ्ठी बाहेर आली. काकूंनी ती सवयीने इस्त्रीखालून काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली. गादीला मी निळं कापड काढलं आणि कापूस जरा जास्तच भरला.