तीन चेंडूंचा तक्ता

महानंदाच्या गळ्यात लाल फितीचं कार्ड होतं. पेशंटमागे एकच माणूस, असा त्या इस्पितळाचा नियम. कार्ड नवऱ्याच्या गळ्यात घातलं असतं तर तिला खाली उतरता आलं असतं. पण चौदा वर्षांची कावेरी अंग पुसायला बापाला जवळ येऊ देईना. त्यामुळे नागराज खालच्या बाकावर आणि महानंदा चौथ्या मजल्यावर. खिडकी उघडत नव्हती. काचेपलीकडे उड्डाणपुलावरून इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बस जात, त्यांचा आवाजही आत येत नसे.

कावेरीच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. ते बुजवलं होतं, छातीच्या मधोमध वीतभर टाके पडले होते. ऑपरेशन छान झालं, आता काम तुमचं, असं म्हणून फिजिओथेरपिस्ट विश्वेश्वरनं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. त्यात तीन निळे चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर उचलायचे. तासाला दहा वेळा. मग छातीशी उशी आवळून खोकायचं. नाहीतर फुप्फुसं खालून मिटत जातात, कफ साठतो. त्यानं तासांच्या रकान्यांचा कागदही दिला. "टिक तुम्ही करायची, अम्मा."

तो कागद महानंदाला नवा नव्हता. बोम्मनहळ्ळीच्या गारमेंट फॅक्टरीत एकोणीस वर्षं गेलेली, त्यातली आठ लाइन सुपरवायझर म्हणून. तिथंही दर तासाचा रकाना. एखादीचं पोर तापलेलं असलं, शर्टाच्या कॉलर कमी पडल्या, की महानंदा रकाना भरून टाकी आणि पुढच्या तासाला दुसऱ्या दोघींकडून ते काम ओढून काढी. निपाणीकडच्या पोरी म्हणायच्या, अक्काच्या लाइनीत कुणी रडत नाही. हे तिनं घरी कितीदा सांगितलं होतं.

वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी कावेरीनं दोनदा श्वास ओढला आणि रडायला लागली. "आतनं फाटतंय गं आई."

"बरं, ऱ्हाऊ दे. पुढच्या तासाला जास्ती करू."

आणि तिनं टिक केली. पुढच्या तासालाही तेच. दुसऱ्या दिवशी कावेरीच म्हणाली, "टाक की टिक. सुप्रीता सिस्टर यायलीय बघ."

"खोटारडी."

"तुझीच लेक."

ऑपरेशननंतर पोरगी पहिल्यांदा हसली होती. छाती धरून, जपून, पण हसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप आला. दुपारी एक्स-रे काढला. चारच्या राउंडला डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. डावं फुप्फुस खालून पांढरं दिसत होतं. त्यांनी पलंगाच्या पायथ्याचा कागद उचलला. एकही रकाना रिकामा नव्हता.

"व्यायाम तर नीट चाललाय," ते सिस्टरला कानडीत म्हणाले. "मग हे इन्फेक्शनच. इंजेक्शन बदला. उद्या सकाळी आयसीयूत हलवू, नळी घालून आतलं काढावं लागेल."

महानंदाला कानडी कळत होती, आणि कावेरीलाही. आयसीयूत कार्ड चालत नाही, आईला काचेतून बघावं लागतं, हे दोघींना ठाऊक होतं. कावेरीनं चादरीखालून आईचं मनगट पकडलं. "सांगू नको," ती मराठीत म्हणाली. "सांगितलंस तर सारखं ओढायला लावतील."

डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळले. महानंदाचं मनगट अजून पोरीच्या मुठीत होतं. फॅक्टरीत पुढच्या तासाला ओढायला दुसऱ्या दोघी असायच्या. इथे कावेरीचा श्वास कावेरीनंच घ्यायचा होता, आणि दोन दिवसांचे तास होऊन गेले होते.

तिनं मूठ सोडवली. "सर, तो कागद मी भरलाय. तिनं केलेलं नाही. दोन-तीनदा ओढते, बाकी सगळं माझंच."

शेजारच्या पलंगाजवळची बाई चमचा हातात धरून बघत राहिली. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फिल्म पाकिटात घातली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"उद्या सकाळपर्यंत वेळ देतो. दर तासाला सिस्टर उभी राहील. एक्स-रे सुधारला तर ठीक, नाहीतर आयसीयू."

सुप्रीतानं कागद काढून घेतला, नवा लावला, आणि महानंदाच्या हातातलं पेनही घेतलं. "इन्नु मेले नानु बरितीनी, अक्का," यापुढे मी लिहीन, एवढंच ती म्हणाली.

कावेरीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. "तू जा. अप्पांना पाठव वर."

"अंग कोण पुसणार तुझं?"

"पुसू देत अप्पा. तू जा."

महानंदानं फितीला हात घातला. खाली जाऊन कार्ड नागराजच्या गळ्यात टाकलं की मोकळं. पण नागराजला तर कावेरीचं तोंड वाकडं झालेलंच बघवत नसे. दुसऱ्या श्वासाला त्यानं यंत्र बाजूला ठेवलं असतं आणि सिस्टरच्या विनवण्या केल्या असत्या. तिनं फीत सोडून दिली, पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, उशी उचलली.

"बस."

"दुखतंय."

"दुखू दे. बस."

सुप्रीता पेन घेऊन उभी होती. कावेरीनं आईकडे न बघता नळी तोंडात धरली. पहिला चेंडू अर्ध्यावर गेला आणि पडला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं. महानंदानं ते पुसलं नाही. उशी धरायला दोन्ही हात लागत होते.

"एक," सुप्रीता म्हणाली.