केसभर हालचाल आणि आमचे साहेब

एकाच डिपार्टमेंटमध्ये अकरा वर्षं काढली की पगार वाढो न वाढो, किस्से वाढतात. त्यात साहेब आमच्या साहेबांसारखे लाभले, तर मग विचारूच नका!

साहेब म्हणजे बुलढाण्याजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले मेकॅनिकलचे एचओडी. आणि वैशाली मॅडम म्हणजे दुसरबीडहून रोज एसटीने येणाऱ्या कंत्राटी लेक्चरर. पिझो नावाच्या खास सिरॅमिकच्या तुकड्याला वीज दिली की तो लांबतो, पण इतका कमी की डोळ्याला दिसत नाही. मॅडमनी बनवलेली अॅल्युमिनियमची चौकट ती हालचाल दहापट करते. चौकट एकसंध, सांधा नाही, नट नाही. बारीक कापलेल्या जागी ती नुसती वाकते. दहापट होऊनही हालचाल जेमतेम केसाच्या जाडीएवढी! तपासणी समितीने हे काम मॅडमच्या नावावर लिहिलं, तर त्या कायम होण्याची आशा होती.

*

साहेबांनी चौकट पहिल्यांदा पाहिली आणि नेमकं त्या बारीक जागेवरच बोट ठेवलं. “इथे वीक आहे. वेल्डिंग मारून घ्या!”

वर्कशॉपचे सुभाषभाऊ धाड गावचे. ते म्हणाले, “साहेब, तिथूनच तं ते वाकते. तुमच्या गुडघ्याले वेल्डिंग मारलं तं तुम्ही बसान कसे?”

साहेब दोन दिवस भाऊंशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत वर्कशॉपमध्ये फार काम झालं.

*

स्टोअरच्या फॉर्मवर सुट्या भागांची यादी लागते. मॅडमनी लिहिलं, “काही नाही.” साहेबांनी फॉर्म परत पाठवला. “मशीन म्हटलं की पार्ट्स आलेच. निदान बेअरिंग तरी लिहा!”

मॅडमनी लिहिलं, “बेअरिंग : शून्य.”

साहेबांनी लगेच सही केली.

*

गॅदरिंगला डोणगावचे एक बागायतदार पाहुणे होते. साहेब त्यांना म्हणाले, “हालचाल दहापट आणि ताकदही दहापट!” अहो, हालचाल वाढली की ताकद तेवढीच घटते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना पाठ असतं!

पाहुणे म्हणाले, “असं? मंग माह्या विहिरीवर बसवून द्या. पंप इकून टाकतो.”

साहेबांनी गंभीरपणे विहिरीची खोली विचारली!

*

मग समिती आली. स्वागताच्या भाषणातच साहेबांनी सांगून टाकलं, “हे माझं संशोधन.” मॅडमचा चेहरा पडला.

मी कुजबुजलो, “मॅडम, बोला ना!”

“काय बोलू सर? माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरवर सही त्यांचीच लागते.”

मला साहेबांची किळस आली. मीही गप्पच बसलो, त्याची लाज अजून वाटते.

समितीचे अध्यक्ष पुण्याचे, वयस्कर. त्यांनी चौकट हातात घेतली. “ही बारीक जागा किती जाड ठेवलीत?”

साहेब मोठ्या मनाने हसले. “मॅडम, सांगा.”

मॅडमनी सांगितलं.

“वाकून वाकून तुटणार नाही कशावरून?”

“मॅडम, सांगा.”

“पिझोला ताण सोसत नाही. त्याची काय सोय?”

“मॅडम, सांगा.”

अर्धा तास हेच चाललं. साहेबांचा रुमाल भिजला. चहा आला तसा त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते बशीत बिस्किटं मांडायला लागले.

अध्यक्षांनी फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं. “हं. संशोधकाचं नाव?”

साहेबांनी बिस्किटांवरून नजरसुद्धा उचलली नाही. “मॅडम, सांगा.”

मॅडमनी सांगितलं. स्पेलिंगसकट!