मालकांचा मुक्काम

मालक अनवाणी बस चालवीत. साठी उलटलेली बाई, नऊवारीचा काष्टा, कानात जड बुगड्या आणि ब्रेकवर उघडे पाऊल, हे दृश्य मोताळ्याच्या बाजाराच्या मैदानात शिरताना मी पाहिले, तेव्हा माझ्या मनात प्रथम मोटार वाहन कायदाच आला. पुढे ओळख झाल्यावर मी त्यांचा परवाना मागून तपासला. अवजड वाहनाचा, मुदतीतला, सर्वथा निर्दोष परवाना होता. चपलेविषयी विचारले, तर म्हणाल्या, "साहेब, बैलाच्या पाठीवर हात कसा ठेवता? उघडाच ना? गाडीले बी तसंच समजते."

त्यांचे नाव मी लिहीत नाही. ते घेणारे कोणी उरलेही नव्हते. पतीच्या पश्चात खेळ त्यांच्याकडे आला आणि त्या मालक झाल्या. कोणी 'मालकीणबाई' म्हटले की तत्काळ दुरुस्ती होई. "मालकीण म्हंजे मालकाची बायको. अन् मालक तं वर गेले. आता मीच." मुलगा गजू जादू करी, सून मीरा तारेवर चाले, आणि मालक स्वतः एक बोलका बाहुला मांडीवर घेऊन बसत. त्या बाहुल्याचे नाव फौजदार. तिघांचा संसार जुन्या बसमध्येच होता. चालकाच्या मागे शेगडी आणि पाण्याचा पिंप, त्यामागे एकावर एक अशा झोपायच्या फळ्या, शेवटी पेट्या. बसची एक बाजू बिजागऱ्यांवर खाली उतरे आणि तिचाच रंगमंच होई. घर आणि रंगमंच यांच्यामध्ये एक फुलाफुलांचा पडदा, एवढेच अंतर.

आमची ओळख तक्रारीने झाली. मी न्यायालयाच्या कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो आहे, माझे घर मैदानाला लागून आहे, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज किती असावा याविषयी या देशात नियम आहेत. ते कोणी पाळत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि ते पाळले जात नाहीत याची संबंधितांना आठवण करून देणारे आम्ही चार-दोन वेडे अजून शिल्लक आहोत, ही गोष्ट त्याहून वेगळी. मी तीन पानी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी ती तक्रार हातात घेऊन मालक माझ्या ओट्यावर हजर.

"हे तुमीच लिवलं काय?"

"होय. आणि त्यातील प्रत्येक शब्दावर मी ठाम आहे."

"लय सुंदर लिवलं हो. गजूनं वाचून दाखवलं. मले तं वाटलं, आपन कोनी मोठे गुन्हेगार हाओ." मग त्या खाली बसल्या. "आता याचं उत्तर द्या म्हन्ते पंचायत. तुमच्यावानी लिवनारं दुसरं कोन हाय इथं? तुमीच लिवून द्या."

मी संतापलो. मग हसलो. मग लिहून दिले. माझ्याच तक्रारीला मी इतके मुद्देसूद उत्तर दिले की परवानगी कायम झाली. मात्र आवाज कमी करण्याची अट मी त्यात घालून घेतली होती, आणि मालकांनी ती अखेरपर्यंत पाळली. कायदा ऐकून घेणारा आणि मग पाळणारा माणूस माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मला क्वचितच भेटला.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर दोन महिने फिरलो. पत्नी वारल्यानंतर घरात बसून मी फक्त पत्रे लिहीत होतो. मालक म्हणाल्या, "भांडाचंच हाय तं गावोगाव भांडा. चाला." परवानग्यांची कागदपत्रे मी सांभाळू लागलो. बसमधील जीवनाचे नियम कोणत्याही संहितेत नव्हते, पण कडक होते. ज्याच्या विहिरीचे पाणी भरले, त्याच्या घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला पहिल्या ओळीत खुर्ची, बिनतिकीट. "पानी उधार घ्याचं नाही," एवढे एकच कारण त्या देत. एकदा एका गावी अशी म्हातारी अंथरुणाला खिळलेली निघाली, तर फौजदाराला काखेत घेऊन मालक तिच्या खाटेशी गेल्या आणि खेळ तिथे झाला.

फौजदार मलाही सोडीत नसे. भर खेळात तो मान वळवून विचारी, "ओ कायदेवाले, पाह्यलं काय? या मालकानं मले चिमटा घेतला. कोन्तं कलम लागते?" लोक हसत. मी पहिल्या ओळीतून गंभीरपणे उत्तर देई, आणि लोक आणखी हसत. मी चुकीचे कलम कधीही सांगितले नाही, ही नोंद येथे करून ठेवतो.

धामणगाव बढ्याला आम्ही असताना गावात मतदान होते, म्हणून खेळ बंद. मालक बसच्या पायरीवर बसून, शाई लागलेली बोटे नाचवीत परतणाऱ्या बायका पाहत होत्या. म्हणाल्या, "साहेब, म्या इतकी गावं पाह्यली. एकाबी गावानं मले इचारलं नाही, का बाई, तुले कोन पायजे."

मी चौकशी केली. परवान्यावरचा पत्ता मलकापुरातल्या एका भाड्याच्या खोलीचा होता. ती खोली रस्तारुंदीत गेली आणि मतदार यादीतले नावही गेले. त्याआधीही प्रत्येक मतदानाच्या दिवशी बस कुठेतरी दूर असे. त्यांनी आयुष्यात एकदाही मत दिलेले नव्हते. मला जो संताप आला, तो मी निवडणूक कार्यालयाला केलेल्या अकरा पानी अर्जात उतरवला. माणूस जेथे नित्य राहतो ते त्याचे निवासस्थान. ही बाई बसमध्ये राहते. सबब बस हेच निवासस्थान होय, असे मी सिद्ध केले. पुरावा म्हणून शेगडी, गॅसची टाकी, पिंप, फळ्यांची लांबी-रुंदी, सारे तपशीलवार मांडले. आणि आयुष्यभराच्या सवयीने शेवटी लिहिले, 'प्रत माहितीस्तव सविनय सादर', आणि खाली संबंधित असलेल्या व नसलेल्या सहा कार्यालयांची नावे. त्यांतले एक वाहनांचे होते.

पंधरा दिवसांत दोन अधिकारी आले आणि त्यांनी बस अडवली. गाडीच्या रचनेत विनापरवानगी बदल, आत ज्वलनशील टाकी. त्यांच्या हातात माझे पत्र होते. माझ्या मोजमापांवर त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. एकही माप चुकीचे नव्हते. हे सारे उखडल्याशिवाय गाडी रस्त्यावर येणार नाही, असा आदेश झाला. तो कायदेशीर होता. मी तो तीनदा वाचला आणि मला त्यात एकही फट सापडली नाही.

गजू माझ्या अंगावर आला. "तुमाले कोनं सांगतलं व्हतं लिवाले? आमचं घर तोडलं तुमी, साहेब! काऊन पाठवलं त्याईले?"

"गजू," मालक म्हणाल्या, "साहेबानं खोटं काय लिवलं, ते दाखव."

मला वाटते, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला तो दिवस सोपा गेला असता.

बस मोताळ्याच्या मैदानात उभी करून फळ्या काढल्या. मालकांनी स्वतः पान्हा धरला. मोकळी झालेली बस आतून एखाद्या गोदामासारखी दिसत होती. त्यांचा मुक्काम बसशेजारी तंबूत हलला आणि नेमक्या त्याच आठवड्यात यादीचे काम करणाऱ्या शिक्षिका, माझ्या अर्जावरून, घर पाहायला आल्या. त्यांनी रिकाम्या बसमध्ये डोकावले, माझे वर्णन वाचले आणि विचारले, "यातलं इथे काय आहे, काका?"

मी मालकांना बाजूला घेतले आणि म्हणालो, "माझ्या घराचा पत्ता लावू. मी लिहून देतो की तुम्ही येथे राहता."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमी? खोटं लिवून देता? नाही साहेब. खोटं सांगून मत द्याचं, तं निवडाचं कोनाले?" मग त्या शिक्षिकेकडे वळल्या. "मॅडम, मी या तंबूत झोपतो. पायजे तं पाहून जा."

शिक्षिका म्हणाल्या की तसे पाहावेच लागेल. एकदा नव्हे, अनेकदा. आणि नाव लागेपर्यंत येथेच राहावे लागेल. बस आता रस्त्यावर न्यायला मोकळी झाली होती, आणि पुढे जत्रांचे दिवस होते. वर्षाचा खेळ त्या दिवसांवर चाले. गजूने आईला परोपरीने विनवले. शेवटी मालकांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "जा तुमी. क्लच हळू सोड. मी मागून येतो." बस वळली तेव्हा त्या मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या. लग्नानंतर त्या बसवाचून एक दिवसही राहिल्या नव्हत्या.

फौजदारासह त्या एकट्या त्या तंबूत राहिल्या. शिक्षिका पहाटे येऊन पाहून जात, मालक अंथरुणावर उठून बसत आणि फौजदार म्हणे, "हाव मॅडम, हजर." नाव लागले. पुढे मोताळ्यातही मतदान आले, त्या दिवशी त्या धुवट लुगडे नेसून रांगेत उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांनी बोटावरची शाई निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "आत लय शांत व्हतं हो. मले वाटलं, कोनी टाळी वाजवन." मी भर रस्त्यात टाळी वाजवली. लोक पाहू लागले, पाहू देत.

दुपारच्या एसटीने त्या बसच्या मागावर गेल्या. नंतर आमची भेट झाली नाही. खेळ चालू आहे आणि मुक्काम तंबूत असतो, एवढे कानावर येत असे.

पुढच्या थंडीत एका सकाळी गजूचा फोन आला. त्या घटनेनंतर तो माझ्याशी बोलला नव्हता. "साहेब, मालक गेल्या. संग्रामपूरपाशी. तंबूतच. तीन दिवस ताप व्हता." पुढे तो म्हणाला, "मी ग्रामपंचायतीत हाव. नोंद करून राह्यले. इथं एक रकाना हाय, कायमचा पत्ता. काय सांगू?"

मी सांगितले. बाजाराचे मैदान, मोताळा, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा.

"हे चालते काय?"

"चालते," मी म्हणालो. "ते खरे आहे."

फोन बंद न करताच त्याने तो पत्ता पलीकडच्या माणसाला एकेक शब्द करून सांगितला. त्या माणसाने सहज विचारलेले मला ऐकू आले, "म्हंजे मोताळ्याच्या काय तुमच्या आई?"

"हाव," गजू म्हणाला. "मोताळ्याच्या."