कॅप्टनची उतरलेली बॅटरी

कॅप्टन कधी जहाजावर नव्हते आणि सैन्यातही नव्हते. एका मोठ्या कंपनीच्या साहेबांची गाडी त्यांनी उभा जन्म चालवली, पांढरा गणवेश आणि टोपी घालून. म्हणून बिल्डिंगमधल्या कुणीतरी कधीतरी त्यांना हे नाव चिकटवलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे पुढे त्यांची सख्खी बहीणसुद्धा त्यांना कॅप्टन म्हणायला लागली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तीच जुनी गाडी त्यांना देऊन टाकली. त्या दिवशी कॅप्टन गाडी घेऊन घरी आले ते दिवसाउजेडी दिवे लावून आणि हॉर्न वाजवत.

गाडी चालवण्याच्या बाबतीत हा माणूस कुणाला मोजत नसे. रस्त्यावरचा दुसरा कुणीही ड्रायव्हर म्हणजे त्यांच्या लेखी चुकून चाक हातात आलेला हमाल. चष्मा लावून गाडी चालवणारा दिसला की म्हणायचे, "याला रस्ता दिसतो की नुसती काच?" समोरच्या घरातल्या नर्सबाईंना त्यांनीच गाडी शिकवली, आणि शिकवताना इतकं झापलं की ती बिचारी दोनदा क्लचवर पाय ठेवूनच रडली. पण शिकली मात्र पक्की. बॉनेट उघडून बॅटरी कशी सांभाळायची तेही त्यांनी तिला शिकवलं. काढताना काळी वायर आधी, लावताना काळी शेवटी. "हे चुकलं तर मला तोंड दाखवू नकोस," असं वर सांगितलं.

तर अशा या कॅप्टनची गाडी गेले कित्येक महिने बिल्डिंगच्या मागच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी होती. कारण विचारलं की ते म्हणायचे, "बॅटरी उतरलीय."

कुणी म्हणे, नवी टाका. त्यावर उत्तर तयार, "या मापाची आता मिळत नाही. सांगून ठेवलीय." नर्सबाईंच्या नवऱ्याकडे डब्याएवढा बूस्टर होता, बंद पडलेली गाडी सुरू करायचा. तो घेऊन ती दोनदा आली. कॅप्टन अंगावरच धावले. "माझ्या गाडीला बाहेरचा करंट लावायचा नाही! खेळणं वाटलं का?" ती हसत परत गेली. कॅप्टनचा स्वभावच तसा, असं सगळ्यांनी धरलं आणि विषय संपला.

खरी गोष्ट अशी, की बॅटरीला काही म्हणता काही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते कॅप्टनना. एका संध्याकाळी ते बेकरीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळत होते. रस्ता मोकळा होता, निदान त्यांना तरी मोकळा दिसला. पुढच्या क्षणी दारापाशी धाडकन आवाज झाला. एक सायकलवाला खाली पडलेला, त्याच्या पिशवीतले कांदे रस्ताभर पळताहेत. नशीब, त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. कॅप्टन उतरून कांदे गोळा करायला वाकले तेव्हा तो ओरडला, "आंधळा आहेस का रे?" आयुष्यात पहिल्यांदा कॅप्टनना रस्त्यावर उलटा जबाब सुचला नाही. कारण तो माणूस त्यांना खरोखर दिसलाच नव्हता.

कुणाला न सांगता ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी यंत्रात डोकं घालायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. कॅप्टन वाट बघत बसले. ठिपके येऊन गेले, यांनी बटण क्वचितच दाबलं. काचबिंदू आहे, बाई म्हणाल्या. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय, ते परत येणार नाही, उरलेलं टिकवायला थेंब घाला. आणि गाडी आजपासून बंद. कॅप्टन म्हणाले, "अहो, मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?" बाईंनी शांतपणे चिठ्ठीवर थेंबांचं नाव लिहिलं.

हे घरी सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ज्यानं जन्मभर जगाच्या डोळ्यांना नावं ठेवली, त्यानं आपलेच डोळे गेले म्हणून सांगायचं? त्यांची जीभच उचलेना. थेंबांची बाटली त्यांनी शेडमध्ये हत्यारांच्या पेटीत ठेवली आणि घरी येऊन काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं, "बॅटरी उतरलीय."

काकूंनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? पण कुणी किल्ली फिरवून बघितली तर बिंग फुटायचं. म्हणून कॅप्टननी शेडमध्ये जाऊन काळी वायर काढली, तिच्या टोकाला उशीच्या जुन्या अभ्र्याचा तुकडा गुंडाळला आणि बॉनेट लावून टाकलं.

आता खरं तर त्यांनी तिकडे परत बघायलाच नको होतं. खोटं खरं व्हायला काही करायचं नव्हतं, नुसतं विसरायचं होतं. वायर तशीच जोडलेली ठेवून पाठ फिरवली असती, तर बॅटरी आपली आपण मेली असती आणि कॅप्टन सुटले असते. पण हातातल्या गाडीची बॅटरी मरू द्यायची? हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. वायर काढली म्हणजे बॅटरी टिकते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं! तेवढ्यावरही भागेना. दर रविवारी ते बॉनेट उघडून टर्मिनल पुसायचे, गंज धरू नये म्हणून व्हॅसलीन लावायचे, झाकणं उघडून पाण्याची पातळी बघायचे, कमी असलं तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे. काकू घरात नसल्या की पेटीतला चार्जर काढून हळूच चार्जिंगला लावायचे. काकूंना वाटे, बिचारे अजून खटपट करताहेत.

आणि काकू घरात कधी नसायच्या? तर ताईंकडे जायच्या तेव्हा.

ताई म्हणजे काकूंची मोठी बहीण. काकूंना लहानाची मोठी तिनंच केलेली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे असायची, आणि थंडी संपता संपता तिनं अंथरूण धरलं. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडायची, पुढे चढ. काकूंचे गुडघे मुळातच कुरकुरणारे. बसच्या पायऱ्याच त्यांच्या जिवावर यायच्या, तो चढ तर विचारूच नका. आधी दर चार दिवसांनी जायच्या, मग आठवड्यानं, मग जमेल तसं. निघताना एकदा तरी विचारायच्याच, "अहो, बॅटरीचं काही झालं का हो?"

"होईल गं. सांगून ठेवलीय ना."

परत आल्या की त्या पलंगावर पाय लांब करून बसायच्या. गुडघे सुजून टम्म. कॅप्टन न सांगता मलम घेऊन यायचे आणि चोळायला बसायचे. काकू म्हणायच्या, "किती करता हो माझं." अशा वेळी कॅप्टनना मान वर करवत नसे. आत्ता सांगू, या क्षणी सांगू, असं तोंडापर्यंत यायचं आणि हात नुसते गुडघ्यावर फिरत राहायचे. लाज वाटायची, भयंकर वाटायची, आणि जितकी वाटायची तितकं सांगणं अवघड होत जायचं. आता कुठल्या तोंडानं सांगायचं, आधीच सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी, असं म्हणत त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला आणि पावसाळाही.

मग एका दुपारी फोन आला. ताईंच्या सुनेचा. "मावशी, येता का? आज काही खरं दिसत नाही."

काकूंनी चप्पल घातली ती उलटसुलट. कॅप्टन घाईघाईनं टॅक्सीचे नंबर फिरवायला लागले. शाळा सुटायची वेळ, एक टॅक्सी मिळेल तर शपथ. तेवढ्यात आवाज ऐकून नर्सबाई बाहेर आली. तिची गाडी नवरा घेऊन गेलेला, पण बूस्टर घरातच होता. ती उचलूनच आली. "काका, आज तुमचं काही ऐकायची नाही मी. किल्ली द्या."

"अगं, येईल टॅक्सी. थांब जरा. हा एक नंबर लागतोय बघ..."

"अहो, द्या ना किल्ली!" काकू रडकुंडीला येऊन ओरडल्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्या नवऱ्यावर ओरडल्या असतील. कॅप्टननी किल्ली दिली.

शेडमध्ये तिनं कव्हर ओढून काढलं, बॉनेट उघडलं आणि बूस्टरचे चिमटे हातात धरून तशीच थांबली.

"काका, काळी वायर काढलेली आहे की."

तिनं आत वाकून बघितलं. "आणि हे टर्मिनल तर आरशासारखं लख्ख आहे." तिनं टोकावरचं फडकं सोडवलं. काकूंनी ते तिच्या हातातून घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. आपल्या उशीच्या अभ्र्याची किनार कुठली बाई ओळखणार नाही?

नर्सबाईनं पेटीतून पाना काढला, वायर जोडली आणि नट आवळला. बूस्टर जमिनीवर तसाच राहिला. तिनं किल्ली फिरवली आणि काय सांगावं, गाडी एका झटक्यात सुरू झाली. जराही आढेवेढे न घेता. इतकी सांभाळलेली बॅटरी, ती कशाला कुरकुर करते!

जन्मभर त्या आवाजानं ज्यांची छाती फुगली, त्या कॅप्टनना तेव्हा वाटलं, जमीन दुभंगावी आणि गाडीसकट आपल्याला पोटात घ्यावं.

नर्सबाई खाली उतरली, दार धरून उभी राहिली. "बसा."

कॅप्टननी दाराला हात लावला. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं, चाक, काच, शेडचं फाटक. फाटकाच्या बाहेर शाळेतून परतणारी पोरं धावत होती. समोर आली की दिसत होती, बाजूला सरकली की नाहीशी होत होती. त्यांनी हात काढून घेतला.

"तू चालव," ते म्हणाले.

"मी? तुमची गाडी?"

"चालव म्हटलं ना."

काकू पुढे बसल्या. कॅप्टन मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसले, जिथे साहेब बसायचे. एरवी दर वळणाला शंभर सूचना देणारा माणूस गप्प होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काकूंनी मागे न वळता विचारलं, "वायर कुणी काढली?"

"मी."

"का?"

"बॅटरी टिकावी म्हणून," कॅप्टन म्हणाले. त्यात शब्दही खोटा नव्हता, आणि आपण आत्ता, या वेळीसुद्धा, असं बोलू शकतो याची त्यांना शिसारी आली. चढ आला आणि गाडी सरसर वर गेली. याच चढावर आपली बायको कुठे कुठे थांबून दम खात असेल, हे कॅप्टन खिडकीतून बघत गेले.

ताई पलंगावर होत्या. डोळे उघडे होते, पण बहीण समोर आली तरी त्या डोळ्यांत काही हललं नाही. काकूंनी हाक मारली, हात हातात घेतला, कपाळावरचे केस मागे सारले. ताई छताकडे बघत राहिल्या.

सून हळू आवाजात म्हणाली, "परवा सकाळपर्यंत बोलत होत्या, मावशी. रोज विचारायच्या, बॅटरी मिळाली का गं कॅप्टनला, म्हणून. कालपासून मात्र कुणालाच ओळखत नाहीत."

कॅप्टन दाराशी उभे होते. आता काकू सांगणार, सगळं सांगणार. त्यांनी मान खाली घातली. एका परीनं त्यांना बरंच वाटलं.

काकू म्हणाल्या, "त्या मापाची लवकर मिळाली नाही गं. आज मिळाली."

यापेक्षा तिनं चारचौघांत थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. मरणाऱ्या बहिणीचा हात हातात धरून ही बाई आपलं खोटं आपल्यासाठी पुढे चालवत होती, आपली अब्रू झाकायला. कॅप्टनना ते सोसवेना.

"बॅटरी चांगली होती," ते म्हणाले. "पहिल्यापासून चांगली होती. मला डोळ्यांनी दिसत नाही. कडेचं काही दिसत नाही, डॉक्टरांनी गाडी बंद केलीय. मला लाज वाटली सांगायला, म्हणून मी बॅटरीचं सांगितलं. ही बसनं येत राहिली, आणि मी तिला येऊ दिलं."

सून खाली बघायला लागली. नर्सबाई खोलीबाहेर गेली. काकू तशाच पाठमोऱ्या बसून होत्या. आता बोलतील, रडतील, निदान वळून बघतील, म्हणून कॅप्टन वाट बघत राहिले.

"कधीपासून दिसत नाही?" काकूंनी विचारलं.

"थंडीपासून. संपत आली होती थंडी, तेव्हापासून."

काकूंनी वाटीतल्या पाण्यात कापूस भिजवला.

"तेव्हा ती चांगली बोलत होती," त्या म्हणाल्या, आणि ताईंचे ओठ ओले करायला वाकल्या.