असुरेतीच्या घरातला खिळा

हे गेल्यानंतर दोन वर्षं मी अबुधाबी सोडून कुठे गेले नव्हते. या जूनमध्ये फ्लॅटच्या कराराची मुदत संपत होती. मुलगी मुग्धा म्हणत होती, इथेच राहा. पुण्याचे दीर म्हणत होते, तिथे आता तुमचं काय आहे, परत या. मला ठरवता येईना. शेवटी नर्सरी शाळेत रजा टाकली आणि मुग्धाला घेऊन जॉर्जियाला निघाले. तिथल्या असुरेती गावाबद्दल मी एका जुन्या मासिकात वाचलं होतं: डोंगरातलं, जर्मनांनी वसवलेलं, आणि जर्मनांविना उरलेलं.

तिबिलिसीहून टॅक्सीने तासभर लागतो. जाऊन-येऊन शंभर दिरहम पडले, म्हणजे सुमारे तेवीसशे रुपये. शेवटच्या चढाला खड्डे फार, पाठ दुखणाऱ्यांनी पुढे बसावं. शाकाहाऱ्यांची सोय होते: मडक्यात शिजवलेला राजमा आणि चीज भरलेली गरम भाकरी. मुग्धा म्हणाली, "आई, यू केम ऑल द वे फॉर राजमा?"

१८१८ साली झारच्या बोलावण्यावरून दक्षिण जर्मनीतले शेतकरी इथे आले. उतारावर द्राक्षं लावली. खाली दगडी तळघर, वर लाकडी सज्जा, अशी घरं बांधली. सव्वाशे वर्षं राहिले. १९४१ मध्ये जर्मनीशी युद्ध पेटलं आणि सोव्हिएत सरकारने त्यांना उचलून मध्य आशियात पाठवलं. आज चर्च पडकं आहे. घरं मात्र उभी आहेत.

अशाच एका सज्ज्यातून सत्तरीच्या नानूलीबाईंनी आम्हाला वर बोलावलं, अक्रोड पुढे केले. आमचा ड्रायव्हर गिओर्गी दुभाषा झाला. खोलीच्या तीन भिंती फोटोंनी भरलेल्या, चौथ्या भिंतीवर फक्त एक जाड लोखंडी खिळा. मी विचारलं. जर्मन गेल्यावर हे घर त्यांच्या वडिलांना मिळालं होतं. त्या खिळ्यावर पूर्वी घड्याळ असायचं. वडील म्हणाले, ती जागा त्या जर्मनांची, तिथे काही लावायचं नाही. पुढे एकदा त्या जर्मन कुटुंबातला एक म्हातारा आला, आपल्या आजोबांनी ठोकलेल्या खिळ्यावर हात ठेवून उभा राहिला, जेवला आणि गेला.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या भिंतीवर काय आहे? काहीच नाही, मी म्हटलं. भाड्याचं घर, भिंतीला भोक पडलं तर डिपॉझिट कापतात. शिवाय आम्ही परत जाणार, म्हणून टीव्ही-फ्रिजचे खोकेसुद्धा माळ्यावर जपून ठेवलेत. गिओर्गी हसला. त्यांना सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत. किती वर्षं झाली, एवढंच विचारलं. अठरा.

"अठरा वर्षं पाहुणे?"

परतीच्या वाटेवर तेच डोक्यात होतं. जे कायमचे म्हणून राहिले, त्यांनाही जावं लागलं. मलाही कुणी कधीतरी जा म्हणेल, व्हिसा शेवटी कागदच. पण तोवर यांचा फोटो फ्रिजवर टेकवलेलाच ठेवायचा का?

घरी आल्यावर माळ्यावरचे खोके काढले. त्यातला एक फ्रिजचा, आणि तो फ्रिज जाऊनही सात वर्षं झालेली. सगळे खाली नेऊन टाकले आणि वॉचमन रफीकभाईंकडून हातोडी मागून आणली.

"भाभी, मालिक पैसा काटेगा."

"काटने दो."

खिळा जरा तिरका गेला. मुग्धा म्हणाली पुन्हा ठोकू, मी नको म्हटलं. फोटो लावला, हात धुतले आणि करारावर सही केली.