पाच बोल्टना दोरा, सहाव्याला नाही

आधीच सांगते – भूत, करणी, अंगात येणं, यातलं मला काहीही पटत नाही. आमच्या आजोबांनी धम्म घेतला त्या दिवसापासून गंडे, ताईत, अंगारे सगळं घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. वर मी बीएस्सी फिजिक्स. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी जिथंतिथं सांगते, इथंही सांगणार. त्यामुळे पुढचं लिहायला मला बरेच दिवस लागले…

गाव टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद. शेत नाही. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आज जालन्यात तर उद्या पुण्यात. घर चालायचं ते माय आणि सुभामावशी या दोघींच्या बोटांवर. मावशी म्हणजे मायची मोठी बहीण, लवकर विधवा झालेली, आमच्यातच राहायची. दोघी कपाशीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जायच्या.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुपारी कळी सोलून तिच्यातला नराचा भाग काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तिला लावायचा आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. बोंडं धरली की दोरा असलेलं बोंड बियाण्याला ठेवायचं, बिनदोऱ्याचं तोडून फेकायचं. कारण ते आपलं आपण फळलेलं असतं, आणि ते मिसळलं की सगळं बियाणं वाया. दर बाईची गाठ वेगळी. काम खराब निघालं तर मुकादम गाठ बघूनच बाई ओळखायचा.

नखाच्या कडा फाटायच्या, भाकरी खाताना मीठ झोंबायचं. परीक्षा बुडवून मीही प्लॉटवर गेले की मावशी अंगावर यायची – "बोटं कशाला काळी करून राह्यली गं? पुस्तक धर! दोरे बांधायला मी मेली का?"

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती काविळीनं गेली. माझी डिग्री तिनं पाहिली नाही.

आता नोकरीचं. जालन्याच्या बाहेर धावपट्टी आहे. तिथं एका खासगी फ्लाइंग स्कूलमध्ये मी टेक्निकल रेकॉर्ड्सला लागले. लोकांना वाटतं फाइली लावायचं काम. तसं नाही! विमानातला प्रत्येक भाग कुठं बनला, कोणत्या लॉटचा, कधी बसवला, किती तास उडाला, कधी काढायचा – हे सगळं आमच्याकडे. नवीन भागासोबत त्याचा दाखला येतो. तो तपासून मी नोंद केल्याशिवाय इंजिनिअर तो भाग विमानाला लावू शकत नाही. भाग चांगला असेल तर हिरवा टॅग. शंका असेल तर लाल, आणि मग तो कुलूपबंद कपाटात. लाल टॅग कोणीही लावू शकतं, फक्त कारण लिहून सही करावी लागते.

त्या दिवशी एका ट्रेनर विमानाच्या प्रोपेलरसाठी सहा नवीन बोल्ट आले. प्रोपेलरला इंजिनाशी धरून ठेवतात तेच हे बोल्ट. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पारदर्शक सीलबंद पिशवीत. मी आणि आमचे स्टोअरवाले गणेशभाऊ, दोघांनी मिळून खोका उघडला. सहाही पिशव्या टेबलावर मांडून नियमाप्रमाणे फोटो काढले. दाखला बरोबर, लॉट नंबर बरोबर. गणेशभाऊंनी पिशव्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. नंतर आम्ही दोघं माझ्याच टेबलाशी बसून इतर सामानाची जुळणी करत होतो.

दुपारी जेवणाआधी नोंद करायला म्हणून बोल्ट बाहेर काढले… आणि गणेशभाऊ हसायलाच लागले.

"मॅडम, गोधडी शिवायला काढली का काय?"

पाच बोल्टच्या दांड्याला जांभळा सुती दोरा बांधलेला. पिशव्या सीलबंद. दोरा आत!

"भाऊ, तुम्ही बांधला का?"

"मी? मला शर्टाचं बटन लावता येत न्हाई. बायकोला इचारा."

तेवढ्यात आमचे इंजिनिअर शेख सर आले. प्रोपेलर त्यांनाच बसवायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक येणार होते, एका विद्यार्थ्याची फायनल टेस्ट याच विमानावर होती. त्यांनी एक पिशवी उजेडात धरली.

"ये क्या है? बोल्ट है के मन्नत का झाड?" मग म्हणाले, "कंपनीवाल्यांनीच बांधला असंल. कापा आन द्या इकडं, जल्दी."

मी सकाळचे फोटो दाखवले. सहा पिशव्या, सहा बोल्ट, दोरा कुठंच नाही. सरांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. "फोटू साफ आला नसंल," एवढंच बोलले.

माझी नजर मात्र सहाव्या पिशवीवरून हलत नव्हती. त्यात दोरा नव्हता. बाकी दिसायला तो बोल्ट हुबेहूब तसाच. पण लहानपण कपाशीत गेलेल्या मुलीला बिनदोऱ्याची वस्तू दिसली की काय वाटतं, ते मी कुणाला समजावून सांगणार?

मी दोऱ्यांसकट बोल्टचा नवा फोटो काढला, बाहेर येऊन मायला पाठवला आणि फोन लावला.

"जयभीम माय. फोटो बघ."

"बघितला. कोणत्या प्लॉटवरचं हाय?"

"प्लॉट न्हाई, इमानाचे बोल्ट हायेत. पाचाला दोरा हाय, एकाला न्हाई."

"मंग बिनदोऱ्याचं फेकून दे की. एवढं शिकली आन हे मला इचारून राह्यली?" आणि एकदम तिचा आवाज बदलला. "पोरी… ही गाठ कोणी मारली?"

"माहीत न्हाई."

"ही सुभाची गाठ हाय. डावरी होती ती. तिचा येढा उलटा पडायचा, आन शेपूट वर राह्याचं. आख्ख्या प्लॉटात अशी गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती."

मला रडू आलं नाही. उलट अंगात एकदम बळ आल्यासारखं झालं. आत गेले, लाल टॅग घेतला, सहाव्या पिशवीला लावला.

कारणाच्या जागेवर पेन थांबला. गणेशभाऊ वाकून म्हणाले, "काय लिहिता? दोरा न्हाई म्हणून नापास?"

मी लिहिलं – 'शंका. तपासणी आवश्यक.' खाली पूर्ण नावानं सही केली, मायच्या नावासकट.

टॅगचं कळताच मॅनेजर साहेब तडक आले. "कसली शंका? कागद बरोबर आहेत ना?"

"आहेत सर."

"मग?"

"तपासणी झाल्यावर सांगते."

"उद्या परीक्षक येतायत आणि तुम्ही विमान उभं करताय? बोल्ट चांगला निघाला तर तुमचं प्रोबेशन इथंच संपलं समजा."

त्याच आठवड्यात माझ्या कन्फर्मेशनचा निर्णय होता. नोकरी गेली असती तर मी परत टेंभुर्णीला, त्याच कपाशीच्या ओळीत. हे मला कळत होतं. तरी म्हणाले, "समजते सर. पण टॅग काढणार नाही."

साहेब शेख सरांकडे वळले. सरांनी हात पुसले. "साहेब, टॅग लागला म्हणजे लागला. आता हा बोल्ट माझ्या हातानं बसणार न्हाई."

टेस्ट दुसऱ्या विमानावर घेतली. तो बोल्ट बाहेरच्या लॅबला गेला, तुलनेसाठी बाकीचे पाचही पाठवले. पाठवण्याआधी सगळ्यांसमोर पिशव्या फोडून मी दोरे कापून घेतले. रिपोर्ट येईपर्यंत ऑफिसात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. फक्त गणेशभाऊ येता-जाता "काय म्हणते कपाशी?" म्हणून टोमणा मारायचे.

रिपोर्ट आला तो शेख सरांनी हँगरच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं वाचला. पाच बोल्ट उत्तम. सहावा – डोक्याच्या खाली बारीक तडा, डोळ्याला न दिसणारा. पोलाद कमी प्रतीचं. तो त्या लॉटचा नव्हताच! कुठूनतरी मिसळला गेला होता, बाकीच्यांसारखाच शिक्का मारून. हवेत असताना तो तुटला असता तर सगळा भार बाकीच्या पाचांवर आला असता. सरांनी रिपोर्ट मिटला आणि प्रोपेलरवर हात ठेवला.

मग म्हणाले, "मॅडम, ही गाठ मारणारी कोण?"

मी सांगितलं.

"उनको मेरा सलाम बोलो."

"माझाबी," गणेशभाऊ म्हणाले. "आन म्हणा, इंजिनकडंबी एकडाव बघून जा." सगळे हसले, मीसुद्धा. पोटभर हसले.

मॅनेजर साहेब संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले. "चहा घेणार?" असं विचारून स्वतः घेऊन आले. हेही आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच झालं!

सदोष बोल्ट कसा आला त्याचा उलगडा झाला, पुरवठादारानं चूक मान्य केली. पण दोऱ्यांचा? त्यांनी लिहून कळवलं, आम्ही कशालाही दोरा बांधत नाही. पिशव्यांचं सील फोडण्याआधी शेख सरांनी भिंगाखाली पाहिलं होतं, कुठंही उघडल्याची खूण नव्हती. हँगरमध्ये डावरं कोणी नाही, मी एकेकाला सही करायला लावून पाहिलंय. मायला विचारलं तर म्हणते, "तिला बिनदोऱ्याचं चालायचंच न्हाई." एवढंच. मी अजूनही असल्या गोष्टी मानत नाही. तुमच्यापैकी कोणाला कारण सुचलं तर जरूर सांगा, मी फिजिक्सवाली आहे, ऐकून घेईन.

माझ्या कन्फर्मेशनचा निर्णय रिपोर्टसाठी थांबला होता, तो आल्यावर मी कन्फर्म झाले. आज त्या हँगरच्या टेक्निकल रेकॉर्ड्स विभागाची इन्चार्ज मी आहे, हाताखाली दोन ग्रॅज्युएट आहेत, आणि माय आता क्रॉसिंगला जात नाही.